बेर्झेचे प्रार्थनामंदिर आणि क्लूनीची छाया

कलेच्या इतिहासातील पुष्कळशी नावे निंदेतून जन्माला आली आहेत. उत्तर युरोपातील उंच कमानींच्या वास्तुकलेला इटालियन विद्वानांनी रानटी गॉथ लोकांचे नाव चिकटविले, आणि आज आपण ‘गॉथिक’ हा शब्द आदराने उच्चारतो. तिच्या आधीच्या वास्तुकलेचे ‘रोमनेस्क’ हे नावही याच जातीचे. नॉर्मंडीतील पुराणवस्तुसंशोधक शार्ल द झेर्व्हील याने 1818 साली एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात ही संज्ञा सुचविली, आणि तिच्यासाठी त्याने दाखला घेतला तो भाषेचा. लॅटिन भाषा परक्या टोळ्यांच्या तोंडी पडून बिघडली व तिच्यातून ‘रोमान्स’ भाषा निघाल्या. तशीच रोमन वास्तुकला अडाणी हातांत पडून बिघडली व तिच्यातून ही जाड भिंतींची, अर्धवर्तुळाकार कमानींची वास्तुकला निघाली, असा त्याचा आशय होता.

मराठी वाचकाला या युक्तिवादातील गोम चटकन उमगावी. प्राकृत आणि अपभ्रंश यांच्या वाटेने आलेल्या भाषेतच 1290 साली ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली. तिला बिघडलेली संस्कृत समजून वाचू पाहणारा माणूस तिच्यातले काहीच वाचीत नाही. जी गोष्ट भाषेची तीच वास्तूची. एखाद्या कृतीकडे दुसऱ्या कशाचा तरी अवशेष म्हणून पाहण्याची सवय जडली, की ती कृती डोळ्यांसमोर असूनही दिसेनाशी होते.

ही सवय ज्या वास्तूला दुहेरी भोवली, ती म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण बर्गंडीतील बेर्झे-ला-व्हील या खेड्यातील प्रार्थनामंदिर. क्लूनीच्या प्रख्यात मठाच्या एका लहानशा उपमठाचे हे मंदिर बाराव्या शतकाच्या आरंभीचे मानले जाते. रोमनेस्क म्हणून त्याच्याकडे रोमचा अपभ्रंश या नजरेने पाहिले गेले. आणि क्लूनीचे महामंदिर नष्ट झाल्यामुळे, त्या महामंदिराची शिल्लक राहिलेली सावली या नजरेनेही पाहिले गेले. या दोन्ही नजरांत तथ्य आहे. परंतु त्यांच्यापलीकडे या मंदिराला स्वतःचे असे काही म्हणावयाचे आहे काय, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तोच विचारावयाचा आहे.

प्रथम क्लूनीविषयी. अक्विटेनचा ड्यूक विल्यम याने 910 च्या सुमारास हा मठ स्थापन केला आणि तो संत पेत्र व संत पौल यांच्या नावे अर्पण केला. या अर्पणाचा व्यावहारिक अर्थ फार मोठा होता. मठावर स्थानिक सरदाराची सत्ता चालणार नव्हती. त्याचा पाठीराखा थेट रोमचा पोप होता. या स्वातंत्र्याच्या बळावर क्लूनीचे शेकडो उपमठ पश्चिम युरोपभर पसरले. 1049 ते 1109 अशी साठ वर्षे संत ह्यू हा मठाधिपती होता. सम्राट चौथा हेन्री पोप सातव्या ग्रेगरीपुढे क्षमायाचनेसाठी 1077 साली कानोस्सा येथे उभा राहिला, तेव्हा त्या प्रसंगी मध्यस्थ म्हणून ह्यू उपस्थित होता, एवढ्यावरून त्याच्या वजनाची कल्पना यावी. लिऑन-कॅस्टीलचा राजा सहावा आल्फोन्सो दरवर्षी क्लूनीला सोने पाठवीत असे. या सामर्थ्याचे दगडी रूप म्हणजे 1088 साली ह्यूने आरंभिलेले क्लूनीचे तिसरे मंदिर. 1095 साली पोप दुसरा अर्बन, जो पूर्वी याच मठातील एक अधिकारी होता, त्याने तेथील मुख्य वेदीचे पवित्रीकरण केले. पुढे पूर्ण झालेले हे मंदिर सुमारे 187 मीटर लांब होते आणि रोममधील संत पेत्राचे आजचे मंदिर उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याच्या तोडीची वास्तू नव्हती.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद झाला. 1798 साली ती वास्तू विकली गेली, आणि खरेदीदारांनी तिचा उपयोग दगडाच्या खाणीसारखा केला. पुढील पाव शतकात बहुतेक सारे मंदिर जमीनदोस्त झाले. आज उभा आहे तो त्याच्या आडव्या बाहूचा दक्षिणेकडील भाग आणि त्यावरचा मनोरा. मुख्य गाभाऱ्याच्या अर्धघुमटात सिंहासनस्थ ख्रिस्ताचे जे प्रचंड चित्र होते, तेही दगडांबरोबर गेले.

क्लूनीपासून काही मैलांवर, टेकडीच्या उतारावर बेर्झेचा उपमठ होता. वृद्ध ह्यूला हे ठिकाण प्रिय होते. तो तेथे विश्रांतीसाठी जाई. त्याच्या अशाच एका मुक्कामात इमारतीवर वीज कोसळली आणि तो सुखरूप राहिला, अशी आख्यायिका आहे. राज्यक्रांतीनंतर ही मालमत्ताही खासगी हातांत गेली आणि प्रार्थनामंदिर शेतवाडीच्या इमारतींपैकी एक होऊन राहिले. भिंतींवर चुन्याची सफेदी होती. 1887 साली गावचे धर्मगुरू झोलिव्हे यांना त्या सफेदीखाली रंग दिसले. 1893 साली वास्तूची नोंद संरक्षित स्मारकांत झाली. 1947 साली इंग्लंडमधील विदुषी जोन एव्हन्स यांनी ती विकत घेऊन माकाँ येथील विद्वत्सभेच्या स्वाधीन केली. क्लूनीच्या मठजीवनावर आणि वास्तुकलेवर आयुष्यभर लेखन केलेल्या या बाईंनी आपल्या विषयाचे ऋण अशा रीतीने फेडले.

आता वास्तूकडे वळू. इमारत दुमजली आहे: खाली एक साधे, बुटके दालन आणि वर प्रार्थनामंदिर. वरच्या मंदिराची रचना अत्यंत सरळ आहे. एकच सभागृह, त्यावर नळी उभी चिरून पालथी घातल्यासारखे कमानदार दगडी छत, त्यापुढे वेदीसमोरचा अरुंद चौक, आणि शेवटी अर्धवर्तुळाकार गाभारा, ज्याच्या डोक्यावर अर्धघुमट. बाहेरील भिंतीवर उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या लहान कमानी आहेत. लोंबार्डीतील गवंड्यांनी रूढ केलेली ही अलंकारपद्धती बर्गंडीत त्यापूर्वीच रुळली होती. बाहेरून पाहणाऱ्याला आत काय आहे याची पुसटशीही सूचना मिळत नाही.

या साधेपणामागे एक तांत्रिक अपरिहार्यता आहे, आणि रोमनेस्क कलेचे मर्म तिच्यात आहे. अर्धनळाकृती दगडी छत आपला भार केवळ खाली टाकीत नाही. ते दोन्ही बाजूंच्या भिंतींना सबंध लांबीभर बाहेर ढकलते. तो रेटा सोसण्यासाठी भिंत जाड हवी, आणि तिला मोठाली भोके पाडून चालत नाही. म्हणून खिडक्या लहान. म्हणून आत अंधुक प्रकाश. परंतु म्हणूनच विस्तीर्ण, अखंड भिंत. पुढे गॉथिक स्थपतींनी छताचा भार निवडक बिंदूंवर आणून भिंत जवळजवळ नाहीशी केली आणि तिच्या जागी रंगीत काच बसविली. त्या विजयाचे कौतुक करताना भिंत गेल्यावर भित्तिचित्रही गेले, हे आपण विसरतो. रोमनेस्क वास्तूचा जडपणा हा दोष मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की त्या जडपणानेच चित्रकाराला त्याची भूमी दिली.

बेर्झेच्या चित्रकाराने ती भूमी कशी वापरली? सभागृहातील चित्रांचे केवळ अंधूक अंश उरले आहेत. जे टिकले ते गाभाऱ्यात. अर्धघुमटाच्या मध्यभागी निळ्या पार्श्वभूमीवर बदामी आकाराच्या तेजोमंडलात ख्रिस्त बसलेला आहे. दोन्ही बाजूंना प्रेषितांचा मेळा आहे. ख्रिस्त पेत्राच्या हाती लेखाची गुंडाळी देत आहे. समोरच्या बाजूला पौल आहे. ख्रिस्ताने आपला नियम पेत्राच्या स्वाधीन करण्याचा हा प्रसंग रोममधील आद्य ख्रिस्ती कलेत रूढ झालेला होता. अर्धघुमटाखाली तीन खिडक्या आणि त्यांच्या दोहो बाजूंना भिंतीतच बुजविलेल्या आंधळ्या कमानी. या दोन कमानींत दोन हौतात्म्ये रंगविली आहेत. कमानींच्या मधल्या त्रिकोणी जागांत स्त्रीसंतांच्या अर्धाकृती आहेत. अगदी खाली, खिडक्यांच्या पायथ्याशी, नऊ हुतात्मे ओळीने उभे आहेत. त्यांत सेबास्टियन, सर्जियस आहेत. पॅरिसचा दनी आहे. आणि परंपरेने इराणी मानले गेलेले आब्दोन व सेन्नेन हेही आहेत.

चित्रांची शैली अभ्यासकांना चकित करणारी ठरली. फ्रान्सच्या पश्चिम भागात, उदाहरणार्थ सँ-साव्हँ येथे, त्या काळची भित्तिचित्रे फिकट पार्श्वभूमीवर मातकट पिवळ्या व तांबड्या रंगांत, चपळ रेषेने काढलेली आहेत. बेर्झेची भूमी गडद, निळी. आकृती भारदस्त आहेत. वस्त्रे ओली होऊन अंगाला चिकटावीत तशी मांडी, गुडघा, खांदा यांभोवती गोल चुण्या घेतात, आणि त्या चुण्यांवर पांढऱ्या रेषांची जाळी चकाकते. ही बायझंटाइन वळणाची रीत आहे. ती बर्गंडीत कशी पोहोचली, याचे उत्तर इटलीच्या वाटेने शोधले जाते. माँते कास्सीनो येथील मठाधिपती देसिदेरियस याने कॉन्स्टँटिनोपलहून कारागीर आणविले होते आणि त्याच्या नव्या मंदिराचे पवित्रीकरण 1071 साली झाले. क्लूनीचा रोमशी आणि माँते कास्सीनोशी घनिष्ठ संबंध असल्याने तेथील शैली क्लूनीच्या चित्रशाळेत यावी, हे स्वाभाविक होते.

येथपर्यंतचा वृत्तान्त निर्विवाद म्हणता येईल. वाद सुरू होतो तो अर्थनिर्णयाच्या बाबतीत. ही चित्रे ह्यूच्या हयातीतील, की त्याच्यानंतर 1109 ते 1122 या काळात मठाधिपती असलेल्या पाँसच्या वेळची, की त्याहूनही नंतरची, यावर मतभेद आहेत. परंतु बहुतेकांची वाचनपद्धती एकच आहे. क्लूनी ही पोपची पाठराखीण. पेत्र व पौल हे तिचे अधिष्ठाते. तेव्हा पेत्राच्या हाती नियम देणारा ख्रिस्त ही क्लूनीच्या अधिकाराची सनदच होय. 2005 साली एलिझाबेथ लापिना यांनी या वाचनाला आणखी एक पदर जोडला. पूर्वेकडील संतांची उपस्थिती आणि स्पेनमधील सारागोसाच्या संत व्हिन्सेंटचे हौतात्म्य यांचा संबंध त्यांनी पहिल्या धर्मयुद्धाशी व स्पेनमधील ख्रिस्ती पुनर्विजयाशी लावला. दुसऱ्या अर्बनने 1095 साली धर्मयुद्धाची हाक दिली आणि त्याच वर्षी क्लूनीची वेदी पवित्र केली, हे ध्यानी घेतले म्हणजे हा तर्क दुबळा वाटत नाही.

माझी हरकत या तर्काच्या खरेखोटेपणाला नाही. ती आहे त्याच्या अपुरेपणाला. सनद म्हणून जे वाचावयाचे ते सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावतात. बेर्झेचे मंदिर लहान आहे. ते मूठभर मठवासीयांच्या आणि विश्रांतीला आलेल्या एका वृद्ध मठाधिपतीच्या उपासनेचे स्थान होते. येथे पोपचा अधिकार ज्याला पटवावयाचा असा कोणी श्रोता नव्हता; जे आत येत ते सारे पटलेलेच होते. मग चित्र कोणासाठी, आणि ते काय करीत होते?

याचे उत्तर चित्रांच्या मांडणीत शोधले पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांना हे मंदिर भेटते ते छापील छायाचित्रांतून, आणि छायाचित्रकार बहुधा अर्धघुमटातील ख्रिस्तावरच भिंग रोखतो. पानभर पसरलेला तो ख्रिस्त पाहून एखाद्या विशाल राजमंदिराचा भास होतो. तथापि संपूर्ण गाभाऱ्याचा छेद व आराखडा समोर ठेवला म्हणजे निराळेच चित्र उभे राहते. ख्रिस्त व प्रेषित वर आहेत, मान उंचावल्यावाचून न दिसणारे. गुडघे टेकलेल्या, मान लवविलेल्या माणसाच्या दृष्टीच्या टप्प्यात येतात ते खालचे हुतात्मे आणि बाजूच्या कमानींतील दोन मृत्यू.

हे मृत्यू पाहण्याजोगे आहेत. एका बाजूला संत व्हिन्सेंट. पूर्वी हे चित्र संत लॉरेन्सचे समजले जात असे, कारण जाळीवर भाजले जाण्याची कथा दोघांचीही आहे. अधिकारी आसनावर बसून आज्ञा देत आहे. मारेकरी लांब आकड्यांनी देह दाबून धरीत आहेत. देह आडवा पसरला आहे. दुसऱ्या बाजूला संत ब्लेझ. वरच्या भागात एक बाई तुरुंगात त्याला अन्न घेऊन येते. तिचे एकुलते डुक्कर लांडग्याने नेले होते, ब्लेझच्या शब्दाने ते परत मिळाले. पुढे तो बंदीत पडला तेव्हा तिने त्याच डुकराचे मुंडके शिजवून त्याच्यासाठी आणले, अशी ती साधी ग्रामीण कथा. खालच्या भागात ब्लेझचा शिरच्छेद. बाई मुंडके घेऊन येते आणि लगेच खाली संताचे मुंडके तुटते: ही संगती चित्रकाराने मुद्दाम साधली असो वा नसो, पाहणाऱ्याच्या मनात ती घडल्यावाचून राहत नाही. कृतज्ञतेचे अन्न आणि बलिदानाचा देह एकावर एक येतात. आणि त्यांच्यासमोर, काही पावलांवर, ती वेदी आहे जिच्यावर रोज भाकर हाच देह मानून अर्पिली जाते.

माझ्या मते या मंदिराचे स्वतःचे बोलणे येथे ऐकू येते. वर अधिकार दिला जात आहे, खाली त्या अधिकाराची किंमत मोजली जात आहे. दोहोंच्या मध्ये खिडक्यांतून येणारा उजेड. ज्या पेत्राला गुंडाळी मिळते तोही पुढे हुतात्माच झाला, हे त्या मठवासीयांना सांगावे लागत नव्हते. क्लूनीच्या महामंदिरातही ख्रिस्ताचे चित्र होते. पण तेथे ते मैदानाएवढ्या लांबीच्या पलीकडे, शेकडोंच्या समुदायापुढे होते. बेर्झेत तीच प्रतिमा हाताच्या अंतरावर आली आणि तिचा अर्थ बदलला. जी घोषणा होती ती आत्मपरीक्षण झाली. विस्तार घटल्याने येथे आशय घटलेला नाही. तो वळलेला आहे. म्हणूनच बेर्झेला क्लूनीची छोटी प्रत म्हणणे मला मान्य होत नाही.

परंतु या स्तुतीपुढे एक जुना, कठोर आक्षेप उभा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. 1125 च्या सुमारास क्लेर्व्होच्या संत बर्नार्डने क्लूनीच्या थाटमाटावर झोड उठविली. त्याचे म्हणणे असे की सामान्य जनांना भक्तीकडे वळविण्यासाठी बिशपांना चित्रे-मूर्ती लागतात हे समजू शकते. पण ज्यांनी जग सोडले, डोळ्यांचे व कानांचे सुख कचऱ्यासमान मानले, त्या मठवासीयांना ही रंगरंगोटी कशाला? आणि जो पैसा भिंतीवर गेला तो भुकेल्यांच्या वाट्याचा नव्हता काय? बेर्झेचे मंदिर तर केवळ मठवासीयांचेच. म्हणजे बर्नार्डचा बाण येथे नेमका वर्मी लागतो.

सौंदर्याचे नाव पुढे करून या आक्षेपाला बगल देता येणार नाही. क्लूनीचे सोने राजांकडून येत होते आणि त्यातले बरेचसे युद्धातून व खंडणीतून आलेले होते. निर्धनतेच्या व्रतस्थांनी इतक्या समृद्ध भिंतीसमोर गुडघे टेकावेत, यातील विसंगती खरी आहे. मला इतकेच म्हणावयाचे आहे की ही विसंगती चित्रकाराने झाकलेली नाही. श्रीमंत निळ्या भूमीवर त्याने भाजला जाणारा देह रंगविला आहे. सोन्याने वाढलेल्या मठाच्या भिंतीवर एका गरीब बाईचे एकच डुक्कर रंगविले आहे. बर्नार्डने जो प्रश्न शब्दांत विचारला, त्याच्या जवळचा प्रश्न ही भिंत आपल्या मालकांना रोज विचारीत होती. त्यांनी तो ऐकला असेलच असे नाही. पण क्लूनीचा वैभवकाळ ओसरला, तिचे महामंदिर दगडांच्या भावाने विकले गेले, आणि प्रश्न मात्र चुन्याखाली शाबूत राहिला.

दोषही नोंदविले पाहिजेत. अर्धघुमटातील प्रेषितांची गर्दी दाटीवाटीची आहे. मागच्या आकृतींना देह नाहीतच, केवळ मस्तके आहेत, आणि कित्येक चेहरे एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. वस्त्रांवरील पांढऱ्या रेषांचे कौशल्य काही ठिकाणी स्वतःवरच खूष होऊन अंगाचा आकार विसरते. सँ-साव्हँच्या रेषेतील मोकळा वारा येथे नाही. ही दरबारी शिस्तीची, घोटून घोटून सिद्ध केलेली कला आहे, आणि अशा कलेत जिवंतपणा गमावण्याचा धोका असतोच. बेर्झेचा चित्रकार त्या धोक्यातून सुटला तो मुख्यतः खालच्या भागात, जेथे त्याला राजसभा रंगवावयाची नव्हती, माणसे रंगवावयाची होती.

म्हणजे या वास्तूचे मोल ठरविताना दोन मोहांपासून दूर राहिले पाहिजे. एक, तिला क्लूनीच्या जागी बसविण्याचा. नष्ट झालेल्या थोर गोष्टीविषयीची हळहळ स्वाभाविक आहे, पण हळहळ हा टीकेचा निकष होऊ शकत नाही. दुसरा, तिला केवळ राजकीय दस्तऐवज मानण्याचा. दस्तऐवज ती आहेच. परंतु दस्तऐवज वाचून झाल्यावर बाजूला ठेवता येतो, आणि या भिंतीसमोर तसे करता येत नाही. तिची जाडी छताच्या रेट्यासाठी होती, तिचे रंग मठाच्या संपत्तीतून आले, तिची शैली परदेशाहून आली. यांपैकी प्रत्येक गोष्टीचा उगम दुसरीकडे सापडतो. मात्र त्या साऱ्यांची जी गाठ बेर्झेच्या त्या लहानशा गाभाऱ्यात पडली, तिचा उगम दुसरीकडे दाखविता येत नाही. अपभ्रंशातून निघालेली भाषा ज्या क्षणी स्वतःचे पहिले वाक्य बोलते, त्या क्षणापासून तिची परीक्षा तिच्याच व्याकरणाने करावी लागते. या मंदिराला तेवढा न्याय मिळावा.